ओठाची शिवण सुरेख, पण वर्गात तोंड उघडत नाही

पत्र: माझ्या मुलीचा डाव्या बाजूचा ओठ आणि टाळू जन्मतः दुभंगलेली होती. ओठ चौथ्या महिन्यात शिवला, टाळू तेराव्या महिन्यात. आता ती साडेसात वर्षांची आहे, दुसरीत शिकते. सर्जन म्हणतात, काम उत्तम झालंय. पण घरी अखंड बडबडणारी ही पोर वर्गात तोंड उघडत नाही. हसताना तोंडावर हात धरते. बाई म्हणतात, तिचं लक्ष नसतं, हाक मारली तरी बघत नाही. एक मुलगा तिच्यासारखं नाकातून बोलून दाखवतो. सासूबाईंचं म्हणणं, ओठावरचा वण काढायचं ऑपरेशन करून टाका, म्हणजे सगळं मिटेल. करावं का? आणि आम्हाला दुसरं मूल हवंय. त्यालाही असंच होईल का?

उत्तर: वणाचं ऑपरेशन आत्ता नको. कधीच नको असं नाही, पण तुम्ही लिहिलेल्या बहुतेक तक्रारींवर तो उपायच नव्हे. हाक मारली तरी न बघणं हे कानाचं असू शकतं. नाकातून बोलणं हे टाळूचं असेल किंवा सवयीचं. आणि वर्गातलं गप्प बसणं हे बऱ्याचदा या दोन्हींतून येतं. ओठ सगळ्यांना दिसतो, म्हणून घरातले सगळे ओठावर बोलतात. कान कुणाला दिसत नाही. आम्ही सुरुवात कानापासून करू.

मराठीत टाळू म्हटलं की आधी बाळाच्या डोक्यावरची टाळू आठवते. इथे विषय तोंडाच्या छताचा आहे. या छताचा मागचा, पडजिभेकडचा भाग मऊ, स्नायूंचा असतो. त्यातलाच एक स्नायू आपण गिळतो तेव्हा घशातून मधल्या कानाकडे जाणारी नळी क्षणभर उघडतो आणि कानात ताजी हवा जाते. टाळू दुभंगलेली असली की हा स्नायू मधोमध जुळण्याऐवजी कडेला चिकटलेला असतो. टाळू शिवल्यावरही त्याची ओढ बऱ्याच मुलांमध्ये कमजोर राहते. नळी नीट उघडत नाही, आतली हवा शोषली जाते आणि मधल्या कानात चिकट पाणी साचतं. दुखत नाही, कान वाहत नाही, ताप येत नाही. आवाज मात्र साधारण २५ ते ३० डेसिबलनी दबतो, म्हणजे दोन्ही कानांत बोटं घालून बसल्यासारखं. घरी समोरासमोर, शांततेत ते जाणवतही नाही. तीस-चाळीस मुलांच्या गलबल्यात, फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या बाईंचं अर्धं वाक्य हरवतं. मग शेरा मिळतो, ‘लक्ष नसतं.’

घरी एक चाचणी करून बघा. मुलीच्या मागे हातभर अंतरावर उभं राहा. समोरून नको, कारण ही मुलं ओठ वाचायला फार लवकर शिकतात. एका कानाच्या तोंडाशी असलेली छोटी पाळी बोटाने दाबून हलवत ठेवा, म्हणजे तो कान कामातून जातो. आता श्वास पूर्ण सोडून मग कुजबुजत तीन आकडे सांगा, ‘पाच, दोन, नऊ’, आणि तिला म्हणायला सांगा. चुकली तर दुसरे तीन. सहापैकी तीनदेखील बरोबर आले नाहीत तर तो कान कमी ऐकतोय असं धरा. मग दुसरा कान. ही चाळणी आहे, निदान नव्हे. पास झाली तरी कानाच्या डॉक्टरांकडे दोन तपासण्या करून घ्याच: हेडफोन लावून ऐकणं मोजणारी ऑडिओमेट्री आणि पडद्यामागे पाणी आहे का ते सांगणारी टिंपॅनोमेट्री. दुसरीला प्रत्येक कानाला जेमतेम मिनिट लागतं. आलेख टेकडीसारखा असेल तर ठीक. सपाट असेल तर बहुधा पाणी आहे. जन्मल्यावर झालेली कानाची तपासणी चांगली होती, हे उत्तर आज चालत नाही. हे पाणी पुढे साचतं, येतं आणि जातं. म्हणूनच सहसा तीन महिन्यांनी पुन्हा तपासून मग ठरवतात. तरीही दोन्ही कानांत पाणी आणि ऐकणं कमी असेल तर पडद्यात ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवतात किंवा काही काळ श्रवणयंत्र देतात. ग्रोमेट बहुधा सहा महिने ते दीड वर्षात आपोआप गळून पडतं. कानातून घाण वास येणारा स्राव येऊ लागला तर मात्र पुढच्या तारखेची वाट बघू नका.

इथे एक धोक्याची सूचना. कानात पाणी दिसलं की नाकामागच्या ॲडिनॉइडच्या गाठी काढायचा सल्ला सर्रास दिला जातो. इतर मुलांसाठी तो योग्यही असतो. पण टाळू शिवलेल्या मुलांमध्ये टाळू बऱ्याचदा आखूड असते आणि बोलताना ती अनेकदा याच गाठींना टेकून नाकाचा रस्ता बंद करते. गाठी गेल्या की टेकायला काही उरत नाही आणि बोलणं एका दिवसात जास्त गेंगाणं होऊ शकतं. दुभंगावर एकत्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या पथकातल्या सर्जनशी आणि स्पीच थेरपिस्टशी बोलल्याशिवाय या गाठींना कुणाला हात लावू देऊ नका.

आता बोलणं. ‘नाकातून बोलते’ या दोन शब्दांत दोन वेगळे बिघाड लपलेले असतात आणि त्यांची गल्लत झाली की वर्षं वाया जातात. पहिला बिघाड रचनेचा. मऊ टाळू मागे घशाच्या भिंतीला टेकत नाही, फट राहते, हवा नाकात गळते. दुसरा सवयीचा. टाळू उघडी होती तेव्हा तोंडात हवेचा दाबच तयार होत नव्हता, म्हणून बाळाने ती हवा खाली घशातच अडवायला शिकून घेतलं. पुढे टाळू शिवली, पण जीभ आणि घसा जुन्याच वाटेने जातात. ‘काका’ म्हणताना ‘क’ येत नाही, गळ्यात एक झटका बसतो आणि ऐकू येतं ‘आ-आ’. पहिला बिघाड कितीही सराव केला तरी जात नाही. दुसरा कितीही टाके घातले तरी जात नाही.

कुठला आहे याचा अंदाज घरी येतो. नाक वाहत नसेल असा दिवस निवडा. छोटा आरसा थोडा गार करून तिच्या नाकपुड्यांखाली आडवा धरा आणि तिला म्हणायला सांगा, ‘बाबा, पाटी पुसा.’ या वाक्यात एकही अनुनासिक नाही, त्यामुळे आरशावर वाफ धरायला नको. धरली तर हवा गळतेय. मग ‘मामा, नाणी मोजा’ म्हणायला लावा. आता म आणि न, ण आहेत, वाफ धरायलाच हवी. आरसा वाक्य संपण्याआधीच काढून घ्या, नाहीतर नंतरच्या श्वासाची वाफ मोजली जाते. ही चूक मोठ्या लोकांकडूनही होते. दुसरी खूण: तेच पहिलं वाक्य एकदा नाक चिमटीत धरून, एकदा सोडून. दोन्ही वेळा आवाज सारखाच असेल तर गळती नाही किंवा फार थोडी आहे. फरक पडला तर गळती आहे. गळती मोठी असेल तर ‘बाबा’ चक्क ‘मामा’ ऐकू येतो. आणि ‘प’, ‘ब’, ‘त’, ‘स’ला वाफ धरते पण ‘क’, ‘ग’ला धरत नाही, असं दिसलं तर संशय मागच्या फटीवर कमी आणि टाळूच्या पुढच्या भागात राहिलेल्या एखाद्या भोकावर जास्त. ‘क’, ‘ग’ त्या भोकाच्या मागे तयार होतात, म्हणून ते वाचतात. वाकून पाणी पिताना नाकातून थेंब येतो का, तेही बघून ठेवा. मुलं हे लपवतात.

ही निरीक्षणं वहीत लिहून अशा मुलांबरोबर काम करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडे न्या. गरज वाटली तर नाकातून बारीक दुर्बीण घालून, तिला बोलायला लावून टाळू किती बंद होते ते बघतात. नाकात बधिर करणारं औषध मारल्यावर साडेसात वर्षांची मुलगी ते सहन करू शकते. आदल्या दिवशी नीट सांगितलं असेल तर. टाळू शिवलेल्या मुलांपैकी पाचात एकाला किंवा त्याहून जास्त जणांना बोलण्यासाठी दुसरं ऑपरेशन लागतं. त्याचा अर्थ पहिलं फसलं असा होत नाही. या ऑपरेशनचे प्रकार दोन-तीन आहेत. घशाच्या मागच्या भिंतीची पट्टी टाळूला जोडली असेल तर नंतर मूल घोरतंय का, झोपेत श्वास अडतोय का यावर लक्ष ठेवा आणि तसं दिसलं तर लगेच सांगा.

बिघाड सवयीचा निघाला तर सराव हाच इलाज, आणि तो तुमच्या हातात आहे. आठवड्यातून एक तास थेरपिस्टकडे आणि मधले सहा दिवस काही नाही, याने फारसं हलत नाही. रोज दोनदा, पाच ते दहा मिनिटं. एकावेळी एकच अक्षर, थेरपिस्टने निवडलेलं. गळ्यातला झटका मोडायला ‘प’नंतर हलका ‘ह’ सोडायला लावतात. झटका देण्यासाठी घसा घट्ट मिटावा लागतो आणि ‘ह’साठी तो उघडा लागतो, दोन्ही एकदम जमत नाही. आधी नुसतं अक्षर, मग ‘पा-पी-पू’, मग शब्द, मग वाक्य. दहापैकी आठ-नऊ वेळा बरोबर आल्याशिवाय पुढची पायरी नको. आणि सराव संपला की सुधारणं बंद. जेवताना, खेळताना, ती काही सांगायला धावत आली असताना ‘नीट म्हण’ म्हणायचं नाही. घरी अखंड बडबडते आहे ना, ती बडबड तुमच्या हातातली सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे.

शिट्ट्या, फुगे, मेणबत्त्या विझवणं यांचा मात्र उपयोग नाही. फुंकताना टाळू जशी मिटते तशी बोलताना मिटत नाही, त्यामुळे कितीही फुगे फुगवले तरी ‘प’ सुधारत नाही. हा सल्ला अजूनही दिला जातो. सोडून द्या.

दात. साडेसात हे वय इथे नेमकं महत्त्वाचं आहे. दुभंग हिरडीतूनही गेला असेल तर त्या जागी हाड नसतं. सुळा वरून खाली यायला निघतो तेव्हा त्याला उतरायला हाड हवं, म्हणून कमरेच्या हाडातला भुसभुशीत भाग काढून त्या फटीत भरतात. हे साधारण ८ ते ११ वर्षांच्या दरम्यान, सुळ्याचं मूळ निम्मं ते दोन-तृतीयांश झालेलं असताना करतात. सुळा एकदा फटीत उतरला की ही वेळ गेली. त्याआधी कधीकधी काही महिने वरचा जबडा रुंद करून घ्यावा लागतो. म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांची पहिली भेट आणि एक्स-रे आत्ताच व्हायला हवा, ‘सगळे दात पडून आल्यावर’ नव्हे. फटीशेजारचे दात वाकडे, दुमडलेले असतात, एखादा नसतोच. वरचा ओठ घट्ट असतो, त्यामुळे ब्रश तिथे पोचत नाही आणि कीड पहिल्यांदा तिथेच लागते. छोट्या डोक्याचा मऊ ब्रश, वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा, आणि रात्रीच्या वेळी तुम्ही स्वतः ओठ वर उचलून त्या कोपऱ्यात ब्रश फिरवा. शिवण उसवत नाही, घाबरू नका. हिरडी सुजलेली किंवा दात किडलेला असेल तर हाड भरायचं ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं. तोंडातला जंतुसंसर्ग भरलेलं हाड खाऊन टाकतो.

आता वणाचं का थांबवायचं ते लक्षात येईल. हाड भरलं की नाकपुडीचा आणि ओठाचा पाया उचलला जातो. पुढे वाढीच्या वयात वरचा जबडा मागे राहिला तर वाढ थांबल्यावर तो पुढे आणावा लागतो आणि ओठाची ठेवण पुन्हा बदलते. नाकाचं शेवटचं काम त्याच्याही नंतर. आज वण रेखून घेतला तर तो अर्धवट बांधलेल्या भिंतीला रंग लावण्यासारखा. शिवाय प्रत्येक भूल, प्रत्येक चुकलेला शाळेचा आठवडा मुलीच्या खात्यात जमा होतो. अपवाद आहेत: ओठ पूर्ण मिटत नसेल, लाल कडेला ठळक खाच असेल, किंवा तिला स्वतःला ते हवं असेल. हा तिसरा अपवाद आम्हाला पहिल्या दोहोंइतकाच वजनदार वाटतो. बऱ्याच वेळा हाड भरताना त्याच भुलीत ओठाचंही थोडं काम करता येतं. सर्जनना तसं विचारा.

तिला स्वतःला काय हवंय, हे तुमच्या पत्रात कुठे नाही. बाईंचं मत आहे, सासूबाईंचं आहे, सर्जनचं आहे. या मुलांच्या जगण्याचा दर्जा मोजताना वारंवार दिसलेली गोष्ट अशी की दुभंग किती मोठा होता यावरून मूल किती त्रासात आहे हे सांगता येत नाही. आपल्या चेहऱ्याबद्दल आणि बोलण्याबद्दल त्याला स्वतःला काय वाटतं आणि इतर मुलं कशी वागतात, यावर बरंच अवलंबून असतं. आईवडिलांचा अंदाज आणि मुलाचं उत्तर अनेकदा जुळत नाही. ‘क्लेफ्ट-क्यू’ नावाची प्रश्नावली त्यासाठीच तयार झाली. ती ८ ते २९ वर्षांच्या व्यक्तींनी स्वतः भरायची असते. त्यात ओठ, नाक, नाकपुड्या, दात, जबडा, वण यांचे वेगवेगळे प्रश्न आहेत, आणि बोलणं, शाळा, मित्र, मन यांचेही. सहा महिन्यांनी तिला ती देता येईल; पथकाकडे चौकशी करा.

तोवर घरी विचारा, पण ‘तुला वाईट वाटतं का गं?’ असं नको. त्याला ‘नाही’ हेच उत्तर येतं, कारण आईला बरं वाटावं असं तिला वाटतं. चालताना, भांडी आवरताना, डोळ्यांत न बघता विचारा, ‘जादूने एक गोष्ट बदलता आली तर काय बदलशील? काहीच नाही, असंही चालेल.’ उत्तर ‘ओठ’ असेलच असं नाही. ‘हा पुढचा वाकडा दात’ असेल, किंवा ‘मला सारखं विचारतात ते’. मग हसताना तोंडावर जाणारा हात वण झाकतोय की दात, ते कळेल. आणि ते ऐकल्यावर ‘छे, काही दिसतसुद्धा नाही’ म्हणू नका. तिला आरशात दिसतं. ‘हं, आणि मग?’ एवढंच पुरे.

चिडवण्याबद्दल: विचारणं आणि नक्कल करणं यांना वेगळी उत्तरं लागतात. ‘तुझ्या ओठाला काय झालं?’ याला तिच्याकडे तयार उत्तर हवं, तीन तुकड्यांचं. ‘जन्मले तेव्हा माझा ओठ जुळलेला नव्हता. डॉक्टरांनी शिवला, दुखत नाही. चल, तुझा डाव आहे.’ काय झालं, काळजी नको, आणि विषय बदल. शब्द तिचेच असू द्या आणि घरी दहा-बारा वेळा खोटं खोटं विचारून बघा, एकदा तुम्ही मूल व्हा, एकदा ती. सासूबाईंनाही या खेळात घ्या. तिचे तान्हेपणीचे, ऑपरेशनआधीचे फोटो लपवले असतील तर बाहेर काढा. स्वतःचीच गोष्ट माहीत नसलेल्या मुलाला ती दुसऱ्याला सांगता येत नाही.

नक्कल करणाऱ्या मुलाचं काम मात्र तिचं नाही, बाईंचं आहे. बाईंना भेटून नेमकं मागा: पुढच्या बाकावर, जास्त ऐकणारा कान वर्गाच्या मधल्या बाजूला, सूचना देताना तोंड मुलांकडे, त्या मुलाशी एकट्याने बोलणं. सगळ्या वर्गासमोर तिला उभं करून ‘हिला असं आहे, चिडवू नका’ हे भाषण तिच्या परवानगीशिवाय अजिबात नको. प्रकट वाचनातून कायमची सूटही मागू नका. ती सूट वर्षाअखेर भिंत होते. आधी एका मैत्रिणीला वाचून दाखवायचं, मग चौघींच्या गटाला, मग वर्गात दोन ओळी. दोन-तीन आठवडे रोज शाळेच्या वेळी पोट दुखत असेल, झोप बिघडली असेल, आवडीचे खेळही सोडले असतील तर बालमानसतज्ज्ञांकडे न्या. तिथेही ओठाआधी शाळेबद्दल बोला.

दुसऱ्या मुलाबद्दल थोडक्यात. जगभरात साधारण ७०० बाळांत एकाला दुभंग असतो. तुम्हा दोघांना नसेल आणि एका मुलाला असेल तर पुढच्या वेळी शक्यता शेकडा ३ ते ५, म्हणजे शंभरात ९५ ते ९७ वेळा नाही. एक गोष्ट आज रात्रीच तपासा: मुलीच्या किंवा तुम्हा दोघांपैकी कुणाच्या खालच्या ओठावर बारीक दोन खळगे आहेत का. असतील तर तो आनुवंशिक प्रकार असू शकतो, शक्यता निम्म्यापर्यंत जाते आणि जनुकतज्ज्ञांचा सल्ला आधी घ्यावा. बाकी फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज, गर्भ राहण्याआधी किमान एक महिना ते पहिले तीन महिने. तुम्हाला जास्त डोस हवा का ते डॉक्टर ठरवतील. तंबाखू, सिगारेट घरातून बाद. फिट्सची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, आधी बोला. फिट्सच्या काही औषधांनी दुभंगाचा धोका वाढतो, पण फिट येणंही धोक्याचंच. ओठ जुळतो सातव्या आठवड्याच्या सुमारास, टाळू त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत, म्हणजे सगळं पहिल्या तीन महिन्यांतच. पहिल्या खेपेला तुमचं काय चुकलं, हा हिशेब मांडत बसू नका. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत ओठाचा दुभंग बहुधा दिसतो, नुसत्या टाळूचा सहसा दिसत नाही.

भेटींचा क्रम मग असा लावा: या महिन्यात कान, त्यापाठोपाठ स्पीच थेरपिस्ट, दोन-तीन महिन्यांत दातांचा एक्स-रे, आणि सगळे कागद हातात घेऊन सर्जन. त्या दिवशी डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत तिला बसवा, तुम्ही शेजारी. तिच्या अक्षरात लिहिलेला एक प्रश्न तिच्या खिशात असू द्या आणि तो विचारून होईपर्यंत तुम्ही बोलू नका.